थडगे नसलेला खलाशी

रत्नागिरीच्या किनारपट्टीवर ‘मुलगा बोटीवर आहे’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. ब्रिटिश काळात रॉयल इंडियन मरीनमध्ये, आणि १९३४ साली तिचेच रूपांतर झालेल्या रॉयल इंडियन नेव्हीमध्ये, कोकणी मुसलमान खलाशांचा भरणा मोठा होता. व्यापारी बोटींवर सारंग आणि तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, बहुधा आपल्या ओळखीतली, नात्यातली पोरे नेत. त्यामुळे युद्धात बोट बुडाली की एकाच वाडीतल्या दोन-तीन घरांत एकदम आकांत होण्याची शक्यता असे.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने ज्या गावांत शिळा बसवल्या, त्यांवर इतके गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच हिशेब कोरला, नावे नाहीत. समुद्र हेच ज्यांचे थडगे, अशा २,००० हून अधिक नाविकांचे स्मारक झाले ते मुंबईत, मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. दुसऱ्या महायुद्धातल्या ६,००० हून अधिक मृतांची नाववहीही तिथेच आहे आणि तिची दुसरी प्रत चितगावला. खेड्यातल्या आईने ती कधी पाहिली असेल, असे वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर हीच वेळ ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आली. दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने भारतीय नौदलाची युद्धनौका ‘खुखरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून, काचेच्या घरात त्या जहाजाची प्रतिकृती ठेवलेली आहे.

घरातले स्मरण मात्र वेगळ्या वाटेने जाते. देह हाती लागला नाही, तर हिंदू घरात पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी देतात, हा पालाशविधी. कोकणी मुसलमान इस्लामी धर्मशास्त्राच्या शाफई परंपरेचे, आणि तीत मय्यत, म्हणजे मृतदेह, समोर नसतानाही जनाजाची नमाज पढता येते. पण दोन्हींसाठी माणूस गेला याची खात्री लागते, आणि तार ‘बेपत्ता’ एवढेच सांगणारी असली, तर तीच खात्री नसते. १८७२ च्या पुरावा कायद्याने सात वर्षे ठावठिकाणा न लागलेला माणूस मृत धरता येई. तोवर कुंकू पुसायचे की ठेवायचे, हा प्रश्न सुनेपुढे रोज सकाळी असे, आणि शेजारणीने विचारलेच, तर सासू सांगे, ‘बोटीवर आहे.’