चांदीपुरा मेंदूज्वर

चांदीपुरा विषाणूमुळे मुख्यतः पंधरा वर्षांखालील मुलांना, बहुधा पावसाळ्यात होणारा मेंदूचा तीव्र आजार. विषाणू रेबीजच्याच कुळातला. प्रसार वाळूमाशीमार्फत होतो असे मानतात.

नाव नागपूर जिल्ह्यातील गावाचे. १९६५ साली डेंग्यू-चिकुनगुन्याच्या साथीत तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना हा विषाणू सापडला. मेंदूशी त्याचा संबंध ठळकपणे पुढे आला तो २००३ मध्ये, आंध्र प्रदेशातील साथीत ३२९ आजारी मुलांपैकी १८३ दगावली तेव्हा. हा मेंदूदाह की रक्तवाहिन्यांचा झटका, यावर त्या वेळी वाद झाला. मणक्यातील पाण्यात पेशी फारशा न वाढणे आणि एका अंगाचे लुळेपण या खुणांमुळे काही बालरोगतज्ज्ञांनी त्याला ‘ब्रेन अ‍ॅटॅक’ म्हटले. मात्र रुग्णांत विषाणू व प्रतिपिंडे आणि मेंदूच्या ऊतीत विषाणूचे प्रथिन मिळाल्याने विषाणूजन्य मेंदूदाहाचे मत अधिक ग्राह्य वाटते. मेंदूला सूज नेमकी कशी येते हा प्रश्न त्याने मिटत नाही.

एकाएकी चढलेला ताप, उलट्या, मग फिट आणि गुंगी, असा क्रम अनेकदा काही तासांतच पुरा होतो; मृत्यू पुष्कळदा २४ ते ४८ तासांत येतो. विषाणूवर औषध नाही, लसही नाही. श्वसनमार्ग मोकळा ठेवणे, फिट थांबवणे, साखर व पाण्याचे प्रमाण सांभाळणे आणि मॅनिटॉलने मेंदूची सूज उतरवणे, एवढेच हाती असते.

नाशिक जिल्ह्यात सुरगाणा व पेठ हे तालुके गुजरातला लागून आहेत, आणि २०२४ ची मोठी साथ गुजरातमध्येच होती. पेठकडून सावळघाट ओलांडून नाशिक गाठेपर्यंतचा वेळ इथे औषधाइतकाच मोलाचा. फिट आलेल्या मुलाला कांदा हुंगवण्यात किंवा दातांत चमचा घालण्यात तो दवडू नये. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात पाणीही घालू नये, गुंगीतले पाणी श्वासनलिकेत उतरते.

वाळूमाशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. साध्या मच्छरदाणीतून आत शिरते. लांब उडत नाही, टुणटुण उड्या मारते. कुडाच्या भिंतीला लिंपण सुटले की त्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत ती दडते. त्यामुळे फवारणी घराबाहेरच्या गटारावर करून भागत नाही. भिंती आतून, गोठ्यासह, सुमारे सहा फूट उंचीपर्यंत फवाराव्यात आणि भेगा आधी बुजवाव्यात. फवारणीनंतर लगेच शेणाने सारवल्यास कीटकनाशक लेपाखाली जाते. सारवण आधी उरकावे.