बिस्किट (अमेरिकेच्या दक्षिणेतील)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, न्याहारीला व जेवणात खाल्ला जाणारा, यीस्टशिवाय फुगवलेला छोटा मऊ पाव. मैदा, बेकिंग पावडर, मीठ, थंड लोणी किंवा चरबी आणि ताक एवढ्यावर तो होतो. चहात बुडवायच्या बिस्किटाशी त्याचे नावापलीकडे साम्य नाही. हे बिस्किट चार-पाच सेंटिमीटर उंच, वरून सोनेरी, आतून लुसलुशीत आणि सहसा अगोड असते.

पाककृती सांगणारे या मऊपणाचे सगळे श्रेय हाताला देतात. खरे तर पहिला मान गव्हाचा. दक्षिणेच्या उष्ण, दमट हवेत कडक गहू नीट येत नसे. पिके तो हिवाळी मऊ गहू. त्याच्या पिठात प्रथिने ८-९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पावाच्या पिठापेक्षा बरीच कमी. प्रथिने कमी म्हणून ग्लूटेन कमी, आणि म्हणून चिवटपणाही कमी. टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे १८८३ पासून दळले जाणारे ‘व्हाइट लिली’ पीठ याच गुणासाठी नावाजले. २००८ मध्ये तिथली गिरणी बंद होऊन दळण दुसरीकडे गेले, तेव्हा जुन्या सुगरणींनी ‘पीठ आता पूर्वीचे राहिले नाही’ अशी तक्रार केली.

सोडा हाताशी नव्हता त्या काळातले बिस्किट अगदी वेगळे होते. घट्ट मळलेला गोळा लाकडी मोगरीने किंवा कुऱ्हाडीच्या दांड्याने अर्धा तास बडवीत. पाहुणे यायचे असतील तर त्याहून जास्त. बडवून-दुमडून आत हवा कोंडायची, एवढाच फुगवण्याचा मार्ग. मळ्यांवरच्या मोठ्या घरांत हे काम गुलामगिरीत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांकडे असे. यजमानांच्या टेबलावरच्या त्या नाजूक खाऊमागे दुसऱ्याचे दंड भरून आलेले असत. हे ‘बडवलेले बिस्किट’ कडक व फिकट असते. व्हर्जिनिया, मेरीलँड, केंटकी या भागांत ते खारवलेल्या हॅमच्या पातळ कापांबरोबर खाण्याची रीत होती.

१८४६ मध्ये चर्च आणि ड्वाइट यांनी खाण्याचा सोडा बाजारात आणला. १८५६ मध्ये हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ एबेन हॉर्सफर्ड यांनी बेकिंग पावडरीत वापरण्याजोग्या कॅल्शियम फॉस्फेटचे पेटंट घेतले, त्यामुळे द्राक्षमद्याच्या पिंपांतून मिळणाऱ्या महाग क्रीम ऑफ टार्टर या आम्लधर्मी भुकटीला पर्याय मिळाला. मग बडवण्याची गरजच उरली नाही. उलट कमीत कमी हात लावणे हे कौशल्य ठरले. तरीही रोजच्या ताटात मक्याचीच भाकर असे. गव्हाचे पीठ महाग, म्हणून बिस्किट रविवारी किंवा पाहुण्यांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोलर गिरण्यांमुळे पीठ स्वस्त झाले आणि ते रोजचे झाले.

घरगुती प्रमाण साधारण असे: २५० ग्रॅम मैदा, १ मोठा चमचा बेकिंग पावडर, पाव लहान चमचा सोडा, पाऊण लहान चमचा मीठ, ८५ ग्रॅम थंड लोणी, १८० मिलिलिटर दाट ताक. ताकातले आम्ल सोड्याशी मिळून कार्बन डायऑक्साइड सोडते. बेकिंग पावडर थोडा वायू भिजवताना आणि बाकीचा ओव्हनच्या उष्णतेने देते. लोणी मात्र नीट समजून घ्यावे लागते. शंकरपाळ्याला आपण कडकडीत तुपाचे मोहन घालतो, ते पिठाच्या कणाकणाला लागते आणि पदार्थ खुसखुशीत होतो. बिस्किटाला याच्या बरोबर उलट हवे. लोणी फ्रीजमधून काढून बोटांच्या टोकांनी पिठात झटपट चुरायचे, काही तुकडे वाटाण्याएवढे राहू द्यायचे. ओव्हनमध्ये हे तुकडे वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे मुंबईत करायचे तर लोणी किसून फ्रीजरमध्ये ठेवावे, पीठही गार करावे. हाताच्या उबेने लोणी पाघळले तर पदर सुटायचे नाहीत.

ताक घातल्यावर पीठ जेमतेम एकत्र येईल इतकेच हलवतात. गोळा खडबडीत, चिकट दिसतो. गुळगुळीत होईस्तोवर मळण्याचा मोह आवरावा लागतो. तो थापून, दोन-तीनदा दुमडून, अडीच सेंटिमीटर जाडीचा करतात आणि साचा सरळ खाली दाबून कापतात. साचा फिरवला तर कडा चिकटतात आणि बिस्किट वाकडे फुगते. बिस्किट कापायच्या अशा साधनाचे पेटंट अलेक्झांडर ॲशबोर्न या कृष्णवर्णीय संशोधकाने १८७५ मध्ये घेतले होते. भांड्यात बिस्किटे एकमेकांना चिकटून लावली तर ती वर चढतात व बाजू मऊ राहतात. सुटी ठेवली तर बाजूंनाही पापुद्रा येतो. २३० अंश सेल्सिअसला १२ ते १५ मिनिटांत ती होतात.

स्निग्ध पदार्थाबाबत घराघरांत मतभेद आहेत. जुनी पद्धत डुकराच्या चरबीची. १९११ नंतर क्रिस्को हे वनस्पती तुपासारखे तेलजन्य उत्पादन आले. लोण्याला चव सर्वांत चांगली, चरबीने मऊपणा अधिक. व्हर्जिनियाच्या विख्यात पाककलातज्ज्ञ एडना लुईस (१९१६–२००६) यांना विकतच्या बेकिंग पावडरीची धातूसारखी चव खपत नसे. त्या सोडा आणि क्रीम ऑफ टार्टर मिसळून स्वतःची पावडर करीत. दुसऱ्या टोकाला, केंटकीच्या लुइव्हिल येथील लाइव्हली विलोबी यांनी १९३१ मध्ये तयार कच्ची बिस्किटे नळीत भरून थंड ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले.

खाताना बिस्किट आडवे उकलून लोणी लावतात, किंवा सॉसेजच्या चरबीत मैदा परतून दूध व भरपूर मिरपूड घालून केलेली दाट ग्रेव्ही वर ओततात. गोडाला सॉर्गम सिरप, म्हणजे ज्वारीच्याच गोड ताटांची काकवी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनेही गोड ज्वारीपासून असा पाक काढला आहे, पण अमेरिकेच्या दक्षिणेत तो न्याहारीच्या टेबलावरचा नेहमीचा.

भारतात करताना विकतचे पातळ ताक चालत नाही; दाट दही थोड्या पाण्यात घुसळून घ्यावे. उरलेले बिस्किट दुसऱ्या दिवशी कोरडे पडते. तेव्हा ते उभे न कापता मधोमध उकलून, आतली बाजू तव्यावर लोण्यात भाजतात.