पार्श्वभूमी : स्टुडंट अफेअर्समधल्या नोकरीला मास्टर्स का लागते?

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत वसतिगृह, विद्यार्थी संघटना, शिस्त, नवागतांचा परिचयवर्ग अशी कामे, म्हणजेच ‘स्टुडंट अफेअर्स’, सांभाळणाऱ्यांना वकील किंवा नर्ससारखा सरकारी परवाना लागत नाही. तरीही पूर्णवेळ पदांच्या जाहिरातींत मास्टर्सची अट वारंवार दिसते. ही अट कायद्याने आणलेली नाही, व्यवसायाने स्वतःच घडवली आहे. घडवताना पदवी नेमकी कशातली हवी, हे मात्र शेवटपर्यंत पक्के झाले नाही.

विद्यार्थ्यांची जबाबदारी सांभाळणारे सुरुवातीचे डीन बहुधा प्राध्यापकांतूनच येत. या कामासाठी वेगळे शिक्षण हवे, हा आग्रह आधी महिला डीननी धरला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरूही झाला. पुरुष डीनपैकी अनेकांना हे काम स्वभावाचे वाटे, शिकवण्याचे नाही. इतिहासाने कौल महिलांच्या बाजूने दिला, पण त्याचे श्रेय त्यांना फार कमी वेळा मिळते.

पदवी कशातली हवी, या गुंत्याचे मूळ ‘पर्सोनेल’ (कर्मचारीवर्ग) या शब्दात आहे. १९१७ नंतर अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांच्या चाचण्या घेऊन कोणाला कोणते काम द्यायचे ते ठरवले जाई. युद्ध संपल्यावर ते तंत्र विद्यापीठांत आले आणि शब्दही सोबत आला. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेच्या १९३७च्या प्रसिद्ध ‘स्टुडंट पर्सोनेल’ निवेदनाने विद्यार्थ्याकडे केवळ बुद्धी म्हणून नव्हे, संपूर्ण माणूस म्हणून पाहायला सांगितले. विचार इतका उदार, आणि नाव मात्र नोकरभरतीच्या खात्यासारखे! पुढे कितीतरी मास्टर्स अभ्यासक्रमांच्या नावात ‘कॉलेज स्टुडंट पर्सोनेल’ आले. ते कुठे समुपदेशन विभागात गेले, कुठे शिक्षण-प्रशासनात. घर बदलले की अभ्यासही बदले : एकीकडे मुलाखत आणि गटकार्य, दुसरीकडे अर्थसंकल्प आणि कायदा. १९७०च्या दशकात ‘स्टुडंट डेव्हलपमेंट’ हा शब्द पुढे आला. विकासाचे सिद्धांत अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी बसले, पण जुनी दोन घरे तशीच राहिली.

१९६०च्या दशकापासून कामाचे स्वरूपही पालटत होते. अलाबामातल्या विद्यार्थ्यांच्या हकालपट्टीच्या (‘डिक्सन’) प्रकरणात १९६१ साली अपील न्यायालयाने सांगितले की सरकारी महाविद्यालयाला विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याला काढता येणार नाही. पालकाच्या जागी बसून शिक्षा करण्याचा डीनचा अधिकार तिथून ढासळू लागला. मग लिंगभेदाविरुद्धचा १९७२चा कायदा, विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४चा आणि परिसरातले गुन्हे जाहीर करण्याचा १९९०चा. नुसत्या चांगल्या स्वभावावर हे निभणारे नव्हते.

मास्टर्स अभ्यासक्रमांसाठी सामाईक मानके १९८६ साली आली. ही मानके दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यास आणि निदान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या अनुभवांत मिळून ३०० तासांचे देखरेखीखालचे काम मागतात. समुपदेशनाच्या मान्यतेची वाट वेगळी राहिली. तिथे ४८ क्रेडिट लागत, आणि २०१३ नंतर नेमल्या जाणाऱ्या मुख्य अध्यापकांची डॉक्टरेट समुपदेशक-शिक्षणातलीच हवी, असाही नियम झाला. आयुष्यभर विद्यार्थ्यांत काम करून उच्चशिक्षणात डॉक्टरेट केलेल्यांना या दाराने आत येणे अवघड झाले. मला हा निर्णय अजूनही संकुचित वाटतो. समुपदेशनाचा दर्जा राखायचा हेतू समजतो, पण त्याने दोन घरांमधली भिंत उंच झाली.

म्हणूनच जाहिरातीत आज ‘किंवा संबंधित विषयातील पदवी’ हे शब्द दिसतात. प्रवेश घेणाऱ्याने पदवीच्या नावापेक्षा असिस्टंटशिप आधी पाहावी. तीत बहुधा आठवड्याला २० तास काम असते, मानधन मिळते, अनेक ठिकाणी शिक्षणशुल्कही माफ होते. या गतीने ३०० तास १५ आठवड्यांच्या एका सत्रातच होतात. उरलेल्या तीन सत्रांत कोणाच्या देखरेखीखाली, कोणत्या विद्यार्थ्यांबरोबर काम करायला मिळणार, हे प्रवेशाआधीच विचारून घ्यावे.