टर्बो एंजिनातील प्रज्वलनकाल

पेट्रोल एंजिनात ठिणगी केव्हा पडावी हे ठरवणारे मूल्य म्हणजे प्रज्वलनकाल. तो भुजादंडाच्या (क्रँकशाफ्टच्या) फिरण्याच्या अंशांत मोजतात. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या 15 अंश आधी ठिणगी पडत असेल, तर काल 15 अंश आगाऊ आहे असे म्हणतात. गॅरेजमध्ये हेच टायमिंग. ते ‘पुढे घेतात’ किंवा ‘मागे घेतात’. ही नोंद मोठा टर्बो (निष्कास वायूच्या जोरावर फिरून सिलिंडरात हवा दाबून भरणारे यंत्र), जास्त दाब किंवा एंजिन चालवणारा वेगळा संगणक बसवून फेरफार केलेल्या एंजिनांपुरती आहे.

ठिणगी पडल्यावर सारे मिश्रण एकदम पेटत नाही. ज्वाला पसरायला वेळ लागतो. मिनिटाला 1000 फेऱ्यांवर भुजादंड एका मिलिसेकंदात 6 अंश सरकतो, 6000 फेऱ्यांवर 36. म्हणून वेग वाढेल तसा काल आगाऊ घ्यावा लागतो. सिलिंडरमधला कमाल दाब पिस्टन वरच्या टोकावरून साधारण 15 अंश खाली निघाल्यावर आला, तर पीळ (टॉर्क) सर्वाधिक मिळतो. टर्बोने दाबलेले दाट मिश्रण लवकर जळते, तेव्हा आगाऊपणा तसाही कमी लागतो. पण पूर्ण दाबावर चालणाऱ्या टर्बो एंजिनात त्या सर्वोत्तम बिंदूपर्यंत बहुधा जाताच येत नाही, कारण वाटेत आघात (नॉकिंग, म्हणजे जळताना सिलिंडरमध्ये ठोके बसल्यासारखा, एंजिनाला घातक आवाज) आडवा येतो.

आघाताचे कारण हा या विषयातला सर्वांत जुना वाद आहे. आगाऊ प्रज्वलन, म्हणजे ठिणगीच्या आधीच तापलेल्या भागामुळे मिश्रण पेटणे, आणि आघात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे केंब्रिजच्या बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच ओळखले होते, असे दिसते. त्यांचे विद्यार्थी हॅरी रिकार्डो यांनी पुढे मांडले, की ज्वाला पसरताना तिच्या पुढचे न जळलेले उरलेले मिश्रण दाबले जाते, तापते आणि ठिणगीशिवाय आपोआप पेटते. अमेरिकेत वादाला व्यापाराचीही किनार होती. चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने 1910 च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांना बॅटरीवरची प्रज्वलनयंत्रणा दिली, आणि आघाताचे खापर तिच्यावरच फुटू लागले. (आपल्याकडचे जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणतात तो याच कंपनीच्या नावावरून.) केटरिंग यांचे सहकारी टॉमस मिजली यांनी दोष इंधनात आहे हे दाखवले. मात्र त्यांची पहिली उपपत्ती फसली होती. लाल रंगाने इंधन लवकर बाष्प होईल, या समजुतीने त्यांनी त्यात आयोडिन घातले. आघात कमी झाला, पण दुसरे लाल रंग निष्प्रभ ठरले; गुण रंगाचा नसून आयोडिनचा होता. त्याच शोधातून 9 डिसेंबर 1921 रोजी टेट्राएथिल लेड हाती लागले. त्याच्या विषारीपणाची कथा वेगळीच आहे.

रिकार्डो यांच्या मताला प्रतिपक्ष होता तो प्रस्फोट लाटेचा: सिलिंडरमधून ध्वनीपेक्षा वेगवान लाट जाते, तिचाच हा आवाज, असे त्याचे म्हणणे. 1940 च्या दशकात नाका (NACA) या विमानविद्येच्या अमेरिकी संस्थेत सर्सी मिलर यांनी सेकंदाला 40,000 आणि नंतर 2,00,000 चित्रे घेऊन सिलिंडरच्या आत पाहिले आणि दोन्ही क्रिया घडतात असा मेळ घातला. आज आपोआप पेटण्याचा सिद्धांतच ग्राह्य धरतात. तरी प्रतिपक्ष पुरता मोडीत निघालेला नाही. अलीकडच्या लहान, थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो एंजिनांत कमी वेगावर मिश्रण ठिणगीआधीच पेटते आणि त्यातून अतिआघात होतो. त्यात प्रस्फोटासारखी लाट दिसते, आणि एकाच ठोक्यात पिस्टन फुटू शकतो. एंजिन ऑइलमधील मळ धुणाऱ्या कॅल्शियमयुक्त द्रव्यांचा याच्याशी संबंध आढळल्यावर तेलांची मानके बदलली. टायमिंग मागे घेऊन हा दोष जात नाही.

साध्या आघाताचा आवाज सिलिंडरच्या व्यासाशी बांधलेला असतो. चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी 1930 च्या दशकात दिलेल्या सूत्राने 86 मिमी व्यासाच्या सिलिंडरसाठी तो सुमारे 6.5 किलोहर्ट्झ येतो. आघात-संवेदक याच पट्टीत ऐकतो. ट्यूनर मंडळी मात्र अजून तांब्याची नळी एका टोकाला चेपून ब्लॉकला बोल्टाने कसतात, तिला रबरी नळी जोडून दुसरे टोक कानावरच्या संरक्षक वाट्यांत घालतात आणि स्वतः ऐकतात. पद्धत गावठी वाटली तरी भरवशाची आहे.

फेरफार केलेल्या एंजिनात पहिले काम तक्त्याचे, म्हणजे कोणत्या वेगाला व दाबाला किती अंश हे संगणकाला सांगणाऱ्या कोष्टकाचे, नसते. संगणक सांगतो तो अंश आणि प्रत्यक्ष ठिणगी यांचा मेळ घालण्याचे असते. निस्सानच्या एसआर20डीईटी एंजिनाचा मूळ काल 15 अंश, टोयोटाच्या 3एस-जीटीईचा 10. टोयोटात तो तपासताना निदानपेटीतले टीई1 आणि ई1 हे टोक तारेने जोडून काल स्थिर करतात. मग पहिल्या सिलिंडरच्या तारेला टायमिंग लाइटचा चिमटा लावून पुलीवरची खूण पाहतात. पण खुणेवर विश्वास कितपत ठेवावा? पुलीचे बाहेरचे कडे रबरावर बसवलेले असते आणि जुन्या एंजिनात ते सरकते. त्यासाठी प्लगच्या भोकात थांबा-बोल्ट बसवून भुजादंड हाताने दोन्ही दिशांना अडेपर्यंत फिरवतात आणि दोन खुणांचा मध्य धरतात. तेच खरे वरचे टोक. वेग वाढवल्यावर स्थिर केलेला काल सरकू लागला, तर भुजादंडाची स्थिती सांगणाऱ्या संवेदकाच्या तारा उलट्या जोडल्याची शंका घ्यावी.

तक्ता वेग आणि शोषनळीतील (इनटेक मॅनिफोल्डमधील) निरपेक्ष दाब यांवर मांडतात. ‘दर पीएसआय (चौरस इंचावर एक पौंड) दाबामागे एक अंश मागे’ हा प्रचलित ठोकताळा सुरुवातीला चालेल, पण संक्षेपगुणोत्तर (कॉम्प्रेशन रेशो), इंधन आणि आतल्या हवेचे तापमान यांची तो दखल घेत नाही. डायनोवर (पीळ मोजणाऱ्या यंत्रावर) एकेक अंश पुढे जाऊन पीळ वाढायचा थांबला की तिथेच राहणे, आणि त्याआधी आघात ऐकू आला तर दोन-तीन अंश मागे येणे, हे अधिक ग्राह्य. कमाल पिळाच्या वेगावर सिलिंडर सर्वांत जास्त भरतो, म्हणून तिथे काल सर्वांत मागे ठेवतात; पुढे वेग वाढेल तसा तो पुन्हा पुढे नेता येतो. फार मागे घेण्यातही धोका आहे. जळण लांबते, निष्कास वायू तापतो आणि टर्बोचे चाक भाजते. प्लग काढून पाहिल्यास चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चमकते कण दिसले, तर पिस्टन झिजू लागला असे समजावे. वाढीव दाबावर ठिणगीला जास्त व्होल्टता लागते, त्यामुळे प्लगची फट कमी करतात.

कारखान्यांनी या अडचणीवर वेगवेगळे तोडगे काढले. 1962 च्या ओल्ड्समोबील जेटफायरमध्ये 10.25:1 संक्षेपगुणोत्तर ठेवून पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारत. साबच्या एपीसी यंत्रणेत आघात ऐकू येताच टायमिंगऐवजी टर्बोचा दाब उतरवत.

आयात केलेल्या जपानी एंजिनाचा तक्ता भारतात जसाच्या तसा वापरू नये. जपानी मानकात हाय-ऑक्टेन पेट्रोल किमान 96 रॉनचे (रॉन म्हणजे इंधनाची आघात टाळण्याची क्षमता दाखवणारा अंक) असते, तर 2020 मध्ये इथे बीएस-6 मानक लागू झाले तेव्हा साध्या पेट्रोलला किमान 91 ची अट होती. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई आहे, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ कायम केला.