गाठ आधी वाढते, मग विरते

१९९४ सालचा डिसेंबर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्रयोगशाळेत प्रतिकारशक्तीचे अभ्यासक जेम्स अ‍ॅलिसन उंदरांच्या कर्करोगाच्या गाठी मोजत होते. सहकारी डॅना लीच यांच्या पहिल्या प्रयोगाचा निकाल इतका चांगला आला होता की त्यावर विश्वास बसेना, म्हणून ऐन नाताळच्या सुटीत तो पुन्हा करायचं ठरलं. कोणत्या पिंजऱ्यातल्या उंदरांना औषध टोचलंय, हे अ‍ॅलिसन यांना मुद्दामच सांगितलेलं नव्हतं. सुरुवातीला सगळ्याच गाठी वाढत राहिल्या. मग काही उंदरांच्या गाठींची वाढ थांबली, त्या आक्रसल्या आणि दिसेनाशा झाल्या.

आधी वाढल्या आणि मग विरल्या, त्यामागे कारण आहे. हे औषध कर्करोगाच्या पेशीला हातही लावत नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी परक्या पेशी ओळखून मारतात, पण त्या बेफाम होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर ब्रेक असतात. सीटीएलए-४ हा त्यातलाच एक रेणू. टी-पेशीला चेतवणारा बी७ हा संकेत तो स्वतःच बळकावतो, त्यामुळे पेशी थंडावते. अ‍ॅलिसन यांनी अँटिबॉडी (ठरावीक रेणूला नेमकं चिकटणारं प्रथिन) वापरून सीटीएलए-४ झाकून टाकला. ब्रेक सुटल्यावर टी-पेशींची संख्या वाढायला आणि त्या गाठीपर्यंत पोचायला वेळ लागतो. तोवर गाठ वाढतच असते.

हा शोधनिबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. आज तो या क्षेत्रातल्या सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या निबंधांमध्ये गणला जातो. सायटेशन म्हणजे नंतरच्या संशोधकानं 'माझं काम यांच्या कामावर उभं आहे' अशी दिलेली कबुली. ती मोजायला हरकत नाही. हरकत आहे ती मोजण्याच्या घाईला. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात हा आकडा, काढताना फक्त मागच्या दोन वर्षांतले लेख धरतात. आणि या निबंधातून निघालेल्या इपिलिमुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली २०११ मध्ये, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी!

भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक, म्हणजे संशोधकाचं काम मोजणारा आकडाही, मला इथे तोकडा वाटतो. किमान ४० वेळा उल्लेख झालेले ४० निबंध असतील तर निर्देशांक ४०. या हिशेबात एका अख्ख्या उपचारपद्धतीची दिशा बदलणारा निबंधही एकच धरला जातो, आणि जेमतेम चाळिशी गाठलेलाही एकच.

मोजण्याची घाई रुग्णांच्या बाबतीतही नडली असती. केमोथेरपीच्या सवयीनं डॉक्टर काही आठवड्यांतच स्कॅन बघत आणि गाठ वाढलेली दिसली की उपचार फसला असं ठरवत. या औषधावरच्या काही रुग्णांच्या गाठी मात्र आधी वाढून मग आटल्या. म्हणून शेवटी रुग्ण किती काळ जगला, हेच मोजायचं ठरलं. बळावलेल्या मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) ६७६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१० मध्ये आले. इपिलिमुमॅब मिळालेल्यांचा मध्यक आयुष्यकाळ (निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो) सुमारे १० महिने होता, तर ते न मिळालेल्यांचा ६.४ महिने. साडेतीन-पावणेचार महिन्यांचाच फरक, असं वाटेल. पण या औषधाच्या अनेक चाचण्यांमधली पुढची वर्षं पाहिली तर ते मिळालेल्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा रुग्ण तीन वर्षांनंतरही जिवंत होते, आणि त्यातले बरेचसे दहा वर्षांपर्यंत. ब्रेक सोडण्याची किंमतही असते: टी-पेशी आतडं, त्वचा, अंतःस्रावी ग्रंथी यांवरही उलटतात.

२०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल अ‍ॅलिसन यांच्याबरोबर जपानच्या तासुकु होंजो यांना मिळालं. पीडी-१ हा दुसरा ब्रेक त्यांच्या क्योतोमधल्या गटाला १९९२ मध्ये सापडला, तेव्हा ते पेशी आपणहून कशा मरतात हे शोधत होते. म्हणून त्यांनी या रेणूला 'नियोजित मृत्यू' अशा अर्थाचं नाव दिलं. तो खरं तर ब्रेक आहे, हे उंदरांमधल्या प्रयोगांतून स्पष्ट व्हायला १९९९ उजाडलं. नाव मात्र तेच राहिलं. आज कर्करोगावरचे हजारो निबंध १९९२ च्या त्या निबंधाचा उल्लेख करतात. तो लिहिला गेला तेव्हा विषय कर्करोग नव्हताच.