युनोचं कंत्राट 'समिती वाटते' म्हणे!

इंदूरच्या रामबागेत सकाळी पोहे-जिलबी खाताना हमखास ऐकू येतं: युनोत (संयुक्त राष्ट्रसंघात) एक कंत्राट समिती असते, ती टेंडर वाटते, आत ओळख हवी. परवा तर पिथमपूरच्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या आमच्या भाच्याकडे कुणा 'एजंट'ने युनोत पुरवठादार म्हणून नोंदणीचे पैसे मागितले. मामा म्हणून मला बोलावंच लागलं.

मुळात ही समिती कंत्राट देतच नाही. न्यूयॉर्कच्या मुख्यालयातली कंत्राट समिती फक्त सल्ला देते. ठरावीक रकमेपुढची प्रकरणं तिच्यासमोर येतात. स्पर्धा खरी झाली का, निकष मध्येच बदलले का, एवढं ती तपासते आणि शिफारस करते. सही वरच्या अधिकाऱ्याची. 'सगळ्यात स्वस्त तोच जिंकतो' हेही अर्धंच खरं. साध्या मालाच्या निविदेत अटी पाळणाऱ्यांतला स्वस्त निवडतात. गुंतागुंतीच्या कामात मात्र तांत्रिक गुणही धरतात. पुरवठादार म्हणून नोंदणी तर फुकट आहे, भाच्या!

युनोच्या हरवलेल्या-मोडलेल्या सामानाची गोष्ट वेगळी. त्यासाठी मालमत्ता पाहणी मंडळ असतं. समजा, युनोच्या एखाद्या शांतिमोहिमेतली जीप उलटली. मंडळ कारण शोधतं, ती वहीतून खोडायची की विकायची हे सुचवतं. 'लगेच कर्मचाऱ्याच्या पगारातून कापतात' ही भीती फुकाची. वसुलीसाठी मुद्दाम केलेली कृती, बेफिकिरी किंवा घोर निष्काळजीपणा ठरावा लागतो.

एजंटचा नंबर भाच्याने तिथल्या तिथे ब्लॉक केला. जिलबीचे पैसे मात्र मीच दिले.