वचनश्रवण (ख्रिस्ती धर्म)

बायबलमधील वचनातून देव आपल्याशी बोलत आहे या श्रद्धेने ते नम्र व ग्रहणशील अंतःकरणाने ऐकणे आणि ऐकलेले आचरणात आणणे, यास ख्रिस्ती जीवनात वचनश्रवण म्हणतात. ‘हे इस्राएला, ऐक’ ही बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातील आज्ञा, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ हे बाल शमुवेलाचे उत्तर आणि विश्वास ऐकण्याने होतो हे रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील पौलाचे विधान, हे त्याचे शास्त्राधार (बायबलमधील आधार) होत. याकोबाच्या पत्रात वचन सौम्यतेने स्वीकारा असे सांगून लगेच पुढे, केवळ ऐकणारे होऊ नका, त्याप्रमाणे करणारेही व्हा, अशी पुस्ती जोडलेली आहे.

श्रोत्याच्या मनोभूमिकेचे सर्वांत नेमके वर्णन पेरणाऱ्याच्या दाखल्यात, म्हणजे वेगवेगळ्या जमिनींवर पडलेल्या बियांविषयी येशूने सांगितलेल्या बोधकथेत (मत्तय 13) सापडते. त्यातील खडकाळ जमीन कोकणातील वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. सड्यावरच्या (खडकाळ पठारावरच्या) कातळावर पहिल्या पावसात हिरवे उगवते आणि माती बोटभरही नसल्याने पाऊस सरताच वाळून जाते. वचन आनंदाने स्वीकारूनही संकट येताच मागे फिरणारा श्रोता येशूने या जमिनीवरून दाखवला आहे.

नम्र श्रवण म्हणजे निमूटपणे मान डोलावणे, असा समज भाविकांत बराच रूढ आहे. शास्त्र मात्र त्याला दुजोरा देत नाही. तुला पुत्र होईल हा देवदूताचा निरोप ऐकल्यावर येशूची आई मरिया प्रथम ‘हे कसे होईल?’ असे विचारते आणि उत्तर मिळाल्यावर होकार देते (लूक 1). बिरुया येथील लोकांनी पौलाचे बोलणे उत्सुकतेने स्वीकारले, तरी ते खरे आहे की नाही हे ते दररोज शास्त्रात पडताळून पाहत होते, आणि याबद्दल प्रेषितांच्या कृत्यांत (अध्याय 17) त्यांची प्रशंसाच केलेली आहे.

मठवासी परंपरेत हे श्रवण साधनेचा भाग झाले. संत बेनेडिक्टची सहाव्या शतकातील नियमावली ‘ऐक’ या शब्दानेच सुरू होते, तर बाराव्या शतकात दुसरा गिगो या मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना व चिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या.

कोकण किनाऱ्यावर या साधनेला आधीपासूनच रुळलेली पुराणश्रवणाची रीत उपयोगी पडली. 1579 मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा मराठी ओव्यांत रचल्या. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये प्रथम छापले गेले आणि पुढे चर्चमधून वाचले जाऊ लागले. त्यात श्रोते मधूनच शंका विचारतात व पाद्री त्यांचे निरसन करतो, म्हणजे वर सांगितलेला प्रश्न विचारणारा श्रोता येथे ग्रंथाच्या रचनेतच सामावलेला आहे. प्रॉटेस्टंट प्रवाहात 1823 पासून बाणकोट येथे स्कॉटिश मिशनऱ्यांनी कार्य आरंभले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) कॅथलिक उपासनेत लॅटिनच्या जागी लोकभाषा आल्या व रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र ठरले. वसईच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सात (कॅथलिकांच्या मुख्य सामूहिक उपासनेत) सामान्यतः जुन्या करारातील वाचन, स्तोत्र, पत्रांतील वाचन आणि शुभवर्तमान (येशूचे जीवन व शिकवण सांगणारा भाग) असा क्रम असतो. शुभवर्तमानाच्या वेळी सर्वजण उभे राहतात आणि अंगठ्याने कपाळ, ओठ व छातीवर क्रूसाची खूण करतात. वचन बुद्धीत, वाणीत आणि हृदयात राहावे, हा तिचा अर्थ. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने हे वाचन घरातही सुलभ केले. मात्र वसईत घरी सामवेदी किंवा वाडवळी या बोली बोलणाऱ्या, आणि रायगड जिल्ह्यातील कोर्लईत पोर्तुगीजपासून घडलेली क्रिओल (मिश्रभाषा) बोलणाऱ्या कुटुंबांना चर्चमधील वचन प्रमाण मराठीत ऐकावे लागते. त्यामुळे ज्येष्ठांच्या बाबतीत वाचकाने सावकाश व स्पष्ट वाचणे आणि घरी त्याच उताऱ्यावर स्वतःच्या बोलीत बोलणे, या दोन्ही गोष्टी श्रवणाचाच भाग ठरतात.